‘कुणीतरी केले’



जुलै २०२५ मध्ये चिली देशातील अॅटलास दुर्बिणीला सूर्यमालेबाहेरून आलेली एक वस्तू दिसली. तेव्हापासून मिस्सा आटोपली की आमचे तरुण आम्हाला गाठत, “फादर, ते परग्रहावरचे यान आहे का हो?” तिच्याभोवती वायू व धुळीचे आवरण स्पष्ट दिसत होते. तो धूमकेतूच, असे नासानेही नोव्हेंबरात सांगितले. तरुण थोडे हिरमुसले.

खरा पेच पडला होता तो ऑक्टोबर २०१७ मध्ये. हवाई बेटांवरून टिपलेल्या ‘ओमुआमुआ’ला शेपूट दिसेना, आणि सूर्यापासून दूर जाताना त्याची गती नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात बसेना. हार्वर्डचे प्रा. अवी लोब व शमुएल ब्याली यांनी २०१८ साली सुचवले की, प्रकाशाच्या दाबाने ढकलले जाणारे, कुणीतरी घडवलेले ते पातळ शीड असू शकेल. पुढे २०२३ साली जेनिफर बर्गनर व डॅरिल सेलिगमन यांनी दुसरी वाट दाखवली: बर्फात अडकलेला हायड्रोजन ऊब लागून निसटला, तरी तेवढा धक्का बसू शकतो. सर्वांचे समाधान झालेले नाही. पाहुणा तर केव्हाच निघून गेला.

लोब यांना आम्ही हसणार नाही. शंका काढणे हे अभ्यासकाचे कामच आहे. आम्हाला खटकते ती ऐकणाऱ्यांची उडी: ‘कसे झाले ते कळत नाही, म्हणजे कुणीतरी केले.’ सेमिनरीत तर्कशास्त्राच्या पेपरात हीच चूक करून आम्ही गुण घालवले होते, म्हणून ती चटकन ओळखू येते.

देवाच्या बाबतीतही आपण हेच करतो. डॉक्टरांना समजले नाही तेवढीच जागा परमेश्वराला देतो, आणि डॉक्टरांना समजले की ती काढून घेतो.

पण ‘कुणीतरी केले’ हे शब्द आपल्याकडे आकाशापुरते राहत नाहीत. काही वर्षांपूर्वी एका घरी आम्ही आजाऱ्याला भेटायला गेलो होतो. मुलाचा ताप उतरत नव्हता. आजीने आमच्या कानात सांगितले, “फादर, कुणीतरी केलंय,” आणि डोळ्यांनीच धाकट्या जावेचे दार दाखवले. आम्ही प्रार्थना केली, रक्त तपासायला सांगितले आणि निघालो. त्या नजरेबद्दल एक शब्दही बोललो नाही. आठवड्याने टायफॉइड निघाला, मूल बरे झाले. त्या दोन घरांमधला दरवाजा मात्र अजून बंद आहे.