बळ कशासाठी कमवायचे?

भरलेला घरगुती गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. जिममध्ये त्याच्या दुप्पट वजन खांद्यावर घेऊन उठाबशा काढणारे कितीतरी तरुण लिफ्ट बंद पडली की दारात उभे राहतात आणि सिलिंडर आणणारा माणूस तो तिसऱ्या मजल्यावर चढवेपर्यंत वाट पाहतात. वजन पेलण्याची ताकद त्यांच्यात असते. ते आपण उचलावे, हा विचार मात्र मनाला शिवत नाही. उचलणारा पन्नाशीचा आहे, त्याला धाप लागली आहे, हे दिसत असूनही शिवत नाही.

याला आळस म्हणून चालणार नाही, कारण हेच तरुण पहाटे साडेपाचला उठून घाम गाळतात. मूळ कारण जुने आहे. ज्याला हाताने काम करावे लागत नाही तो मोठा, ही शिकवण जातिव्यवस्थेने पिढ्यानपिढ्या आपल्याला दिली. पुढे डॉक्टरांनी बजावले की शरीर हलवले नाही तर हृदय थकेल, साखर वाढेल. आपण हालचाल पत्करली, पण श्रमाचा कमीपणा काही सोडला नाही. मग हालचालीतही सोवळे-ओवळे आले. पैसे भरून, खास कपडे घालून, आरशासमोर केलेली हालचाल सोवळ्यातली, आणि पाण्याची बादली उचलणे, जिना झाडणे, म्हाताऱ्या शेजाऱ्याचे सामान वर नेणे ही ओवळ्यातली. शरीराला हा भेद कळत नाही. स्नायूला फक्त भार कळतो, हृदयाला फक्त वेग.

कर्मकांड आले की त्याच्यामागे आकड्यांची पूजाही येते. रोज १०,००० पावले चाललीच पाहिजेत, अशी आज अनेकांची श्रद्धा आहे. रात्री अकरा वाजता हॉलमध्ये येरझाऱ्या घालून उरलेली सहाशे पावले पुरी करणारी माणसे आपल्या ओळखीची आहेत. हा आकडा कोणत्याही वैद्यकीय प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले आणि त्याला दहा हजार पावलांचे नाव दिले. नाव लोकांच्या तोंडी बसले आणि आकडा शास्त्र होऊन बसला. चालणे चांगलेच आहे. पण पावले मोजणाऱ्याला विचारावे, की जमिनीवर मांडी घालून बसलात तर हात न टेकता उठता येते का? दहा किलोची पिशवी घेऊन दोन जिने चढता येतात का? पाण्यात पडलात तर काठापर्यंत याल का? या प्रश्नांना मनगटावरच्या घड्याळाकडे उत्तर नाही.

हे प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने नेटाने विचारले होते. जॉर्ज एबेर (१८७५–१९५७) हे त्याचे नाव. ८ मे १९०२ रोजी मार्टिनिक बेटावर माँ पले या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सें-पिएर हे शहर काही मिनिटांत नष्ट झाले. सुमारे २८,००० माणसे मेली. त्या काळात एबेर कॅरिबियन समुद्रात नौदलाच्या सेवेत होता. संकटात माणसाचे शरीर त्याच्या स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या कामी येते की नाही, हा प्रश्न त्याच्या पुढच्या सगळ्या कामाच्या केंद्रस्थानी राहिला. त्या वेळी युरोपात कवायतीच्या धर्तीवरचा व्यायाम रूढ होता. रांगेत उभे राहायचे, हुकुमावर एक हात वर, एक हात बाजूला. एबेरने लोरियाँच्या नौदल प्रशिक्षण शाळेत हे मोडून काढले आणि माणसाच्या मूळ हालचालींना अभ्यासक्रम केले. चालणे, धावणे, उडी मारणे, हातापायांवर चालणे, चढणे, तोल सांभाळणे, फेकणे, उचलणे, स्वसंरक्षण आणि पोहणे असे त्याचे दहा गट. या पद्धतीला त्याने 'नैसर्गिक पद्धत' म्हटले. तिचे ब्रीद होते: उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा.

मला त्याच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की तो श्रद्धेवर काही सोडत नसे. कोण किती धावला, किती उंच चढला, किती वजन उचलले याच्या नोंदी ठेवून प्रगती तपासत असे. दुसरी गोष्ट तर एखाद्या लोकशाही समाजाला शोभावी अशी आहे. एकाच मैदानावर सबळ आणि दुबळे एकत्र व्यायाम करत. लाटेमागून लाट यावी तसे गट मैदान ओलांडत आणि प्रत्येक जण आपल्या कुवतीच्या वेगाने पुढे जाई. दुबळ्याला बाहेर बसवायचे नाही आणि सबळाला अडवायचे नाही. आपल्या शाळांतले खेळ अजूनही पंधरा मुलांचा संघ निवडून उरलेल्या पंचेचाळीस जणांना प्रेक्षक करतात.

यावर कुणीतरी म्हणेल, फ्रान्सपर्यंत जायचे कशाला? आमच्याकडे मल्लखांब होता, तालमी होत्या, मुले विहिरीत सूर मारत होती. खरे आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जे शिस्तबद्ध रूप दिले, त्यात पकड, लवचीकता, तोल आणि धैर्य या सगळ्यांचे शिक्षण एकाच लाकडी खांबावर मिळते. इतकी काटकसरी आणि परिपूर्ण साधने जगात थोडी असतील. अभिमान जरूर बाळगावा. पण अभिमान बाळगणाऱ्याने एक प्रश्न टाळू नये, की त्या विहिरीत सूर मारणारी मुले कुणाची होती? ज्यांना पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्यांनी पोहायला कुठे शिकायचे होते? २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. जिथे ओंजळभर पाणी पिण्याला बंदी, तिथे त्या पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या व्यायामपरंपरेचा गौरव करताना हे पान फाडून ठेवता येणार नाही.

आणि मुलींचे काय? अकरा-बारा वर्षांची होईपर्यंत मुलगी धावते, लटकते, पेरूच्या झाडावर चढते. मग पाळी येते आणि घरातल्या मोठ्या बाया सांगतात, आता उड्या मारू नकोस, मुलीच्या जातीला हे शोभत नाही. पाळीत धावल्याने गर्भाशयाला इजा होते, ही समजूत शिकलेल्या घरांतही जिवंत आहे. तिला कसलाही वैद्यकीय आधार नाही. निरोगी मुलीला झेपेल तेवढा व्यायाम पाळीच्या दिवसांत अपाय करत नाही, काहींचे दुखणे त्याने कमीही होते. ज्या वयात हाडे सर्वाधिक घट्ट होत असतात, नेमक्या त्याच वयात आपण मुलींना बसवून ठेवतो आणि पन्नाशीनंतर त्यांचे मनगट किंवा खुबा मोडला की नशिबाला दोष देतो.

“बायकांना वेगळ्या व्यायामाची गरज काय, घरकाम काय कमी आहे?” हा युक्तिवाद बहुधा घरकाम न करणाऱ्यांच्या तोंडून ऐकू येतो. घरकामात श्रम आहेत, आणि म्हणूनच ते घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायला हवेत. परंतु रोज तेच वाकणे, तेच ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे यात धावणे नाही, चढणे नाही, लटकणे नाही, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या मर्जीने थांबणे नाही.

श्रम आणि व्यायाम यांतला फरक इथेच आहे. हमालाच्या पाठीकडे पाहून ‘काय नैसर्गिक ताकद आहे’ म्हणणाऱ्याला त्या पाठीचे मणके दिसत नाहीत. बाजार समित्यांत शंभर किलोची पोती पाठीवर वाहून माणसे अकाली निकामी होत होती. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचे वजन ५० किलोवर आणण्याची मागणी लावून धरली ती याच कारणाने. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहून न्यायच्या भाराची मर्यादा ५५ किलो सुचवली. अशी ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. भार शरीराला घडवतो तसाच मोडतोही. तो हळूहळू वाढला, मध्ये विश्रांती मिळाली, पोटात पुरेसे अन्न असले, आणि ‘आज नाही’ म्हणायची मुभा असली, तर घडवतो. या चार गोष्टी नाकारून श्रमाचा गौरव करणे ही दांभिकता आहे. एबेरच्या काळातल्या फ्रान्समध्येही वसाहतींतल्या लोकांच्या बांधेसूद शरीरांचे कौतुक होत होते, आणि त्याच लोकांना गुलामासारखे राबवलेही जात होते.

‘नैसर्गिक’ या विशेषणाभोवतीची भोळी भक्तीही तपासली पाहिजे. आमचे आजोबा कुठे व्यायाम करत होते, तरी शंभर वर्षे जगले, असे सांगणारे एका आजोबांचे उदाहरण देतात. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. जे आजोबा जगले ते आठवतात, पाळण्यात गेलेली त्यांची भावंडे आठवत नाहीत. अनवाणी चालणे नैसर्गिक म्हणून सर्वांना हितकर, हाही असाच एक हट्ट. मधुमेहामुळे ज्याच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्याला टोचलेला खडा कळत नाही. त्या जखमेची अखेर पाय कापण्यात होऊ शकते, मग चालणे देवळाच्या प्रदक्षिणेचे असो की बागेतल्या गवतावरचे. निसर्ग आपला गुरू नाही. आपल्या शरीराला कोणत्या हालचाली करता येतात एवढेच तो सांगतो. त्या कुणी, कधी, किती करायच्या हे बुद्धीने आणि गरज पडेल तिथे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे लागते.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर आपली माया शत्रूचे काम करते. “आई, तू खाली बसू नकोस, आम्ही देतो,” असे म्हणत आपण तिचे एकेक काम काढून घेतो. वर्षभरात तिला खरोखरच खाली बसता येत नाही. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या १० जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा, हळूहळू वाढत जाणारा, चांगला कष्टाचा व्यायाम दिला गेला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता, पण नव्वदीतला स्नायूही शिकतो हे त्याने दाखवले. ब्राझीलच्या क्लाउदिओ आराउझो यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ व्यक्तींना शक्य तितका कमी आधार घेऊन जमिनीवर बसून उठायला लावले आणि पुढची काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. ज्यांना बसता-उठता फार आधार लागला, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त निघाले. याचा अर्थ उठबस केल्याने मरण टळते असा कुणी काढू नये. उठण्यासाठी ताकद, तोल आणि लवचीकता तिन्ही लागतात आणि तिन्ही ढासळल्याची वर्दी या साध्या कसोटीतून मिळते.

मग आईने काय करावे? आधी उंच खुर्चीवरून हात न टेकता उठावे. ते जमले की स्टुलावरून, मग पाटावरून, मग जमिनीवरून. जवळ भिंत असावी, घरातले कुणी असावे. नातवाने तीच हालचाल पाठीवर दप्तर घेऊन करावी. हालचाल एकच, भार ज्याचा त्याचा. वीस वर्षांच्या मुलाचा तक्ता सत्तर वर्षांच्या बाईच्या हाती देणे जितके चूक, तितकेच तिला व्यायामातून बाद करणेही चूक. दोन खोल्यांच्या घरात एवढे करायला जागा पुरते. दाराला भक्कम दांडी लावली तर लटकता येते, फरशीच्या रेघेवरून तोल सांभाळत चालता येते, हातापायांवर रांगताही येते. जिमची यंत्रे निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ठरावीक स्नायू सावरायला त्यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नसते. पण ती नाहीत म्हणून अडून राहण्याचे कारण नाही.

पोहण्याची गोष्ट मात्र घरात सुटत नाही. दरवर्षी गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बुडालेल्या तरुणांच्या बातम्या येतात. वाचवायला उडी घेणाराही अनेकदा बुडतो, कारण धैर्य असते आणि पोहणे नसते. उत्सवाच्या मांडवावर आणि ध्वनिक्षेपकांवर वर्गणी खर्च करणाऱ्या मंडळांनी वस्तीतल्या मुलामुलींना पोहायला आणि बुडणाऱ्याला बाहेर काढायला शिकवण्याचा खर्च का उचलू नये? नगरपालिका बागांमध्ये खुल्या जिमची यंत्रे बसवतात, वर्षभरात त्यांचे सांधे गंजतात. त्याच पैशात आडव्या दांड्या, चढायचे दोर, वाळूचा हौद आणि मल्लखांब उभे राहतात, आणि गंजण्यासारखे त्यांत फारसे काही नसते. शाळांची मैदाने सुट्टीच्या दिवशी कुलूपबंद असतात किंवा लग्नाला भाड्याने जातात. सार्वजनिक तलावावर मुलींसाठी भर दुपारची, शाळेच्या तासांतली वेळ राखली जात असेल, तर ती राखीव वेळ नव्हे, बंदीच आहे. पुढच्या अंदाजपत्रकाआधी आपल्या नगरसेवकाला हे तीन प्रश्न लेखी विचारा: दांड्या आणि दोर कुठे बसणार, मैदानाची किल्ली रविवारी कुणाकडे असणार, आणि मुलींना तलावात संध्याकाळची कोणती वेळ मिळणार.