पाडणाऱ्यानेच रचायचं

पाताळगंगेच्या काठी चपट्या दगडांना तोटा नाही, त्यामुळे आमच्या खोपोलीतल्या मुलांची लगोरी कधी अडत नाही. मागच्या सुट्टीत मात्र ढिगातला एक दगड शेंदराचा निघाला. पिंपळाखालून कुणीतरी उचलून आणला होता. शेजारच्या काकू कडाडल्या, "देवाला चेंडूने मारता?" मुलं घाबरून माझ्याकडे आली. "आजी, पाप लागेल का?"

तो दगड मी जागेवर ठेवायला लावला. त्यापुढे कुणाचे तरी हात जोडले गेले होते, तेवढं कारण मला पुरे. पण खेळ आणि देव यांचं वैर आहे, हे मला मान्य नाही. ब्रह्मसूत्रांनी तर सृष्टीच्या निर्मितीलाच लीला म्हटलं आहे. आणि बल्लाळेश्वर गणपतीचं पाली इथून लांब नाही. गणेशपुराणातला बल्लाळ सवंगड्यांसोबत रानात दगड मांडून गणपतीची पूजा करी. पोरं घर विसरली, म्हणून बापाने, कल्याणशेठने, ती पूजा उधळली, दगड भिरकावला आणि बल्लाळाला झाडाला बांधलं. तोच भिरकावलेला दगड आज धुंडीविनायक म्हणून पुजला जातो आणि बल्लाळेश्वराआधी त्याचं दर्शन घ्यायचा प्रघात आहे.

लगोरीला कुणी लिंगोरचा म्हणतात, उत्तरेत सतोलिया. सतोलियात सात दगड मोजलेले आहेत. लिंगोरच्याचं नातं शंकराच्या पिंडीशी जोडणारेही भेटतात, पण नुसत्या उच्चारावर देव उभा करू नये असं मला वाटतं.

रचलेलं पाडायचा खेळ तिकडेही आहे. इंग्लंडच्या पबमध्ये टेबलावर नऊ लाकडी खुंट्या मांडतात आणि खांबाला साखळीने टांगलेला चेंडू फिरवून पाडतात. त्या खेळाचं नाव 'शिंप्यांतला सैतान'. १८०५ साली लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात 'द टेलर्स' या नाटकात आपली थट्टा आहे म्हणून शिंप्यांनी दंगा केला आणि घोडदळाने त्यांना पांगवलं, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. खुंट्या शिंपी, चेंडू सैतान. किती पडल्या ते मोजायचं, झालं.

लगोरीत मोजणी तिथे संपत नाही. ज्यांनी ढीग पाडला त्यांनीच तो पुन्हा रचायचा, तोही समोरचे चेंडू मारून बाद करत असताना. नेम कितीही अचूक असो, सातवा दगड वर बसेपर्यंत गुण नाही. म्हणून आमच्या खेळात चेंडूला सैतान म्हणता येत नाही. मोडणं हा इथे गुन्हा नाही, मोडून पळून जाणं हा आहे. कल्याणशेठचा दोष मला तिथेच दिसतो. पोरांनी मांडलेलं त्याने उधळलं आणि मागे वळून एक दगडही उचलला नाही.

मुलांना मी एवढंच सांगितलं, "पाप नाही लागत. पण ज्याने तो दगड आणला, त्यानेच पिंपळाखाली नेऊन नीट बसवायचा." कुणी आणला ते मला अजून माहीत नाही. सगळेच गेले.