विश्व संगणकातले असेल तर?

निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने २००३ साली 'फिलॉसॉफिकल क्वार्टरली' या नियतकालिकात एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. आपण संगणकाने उभ्या केलेल्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे हुबेहूब नकली सृष्टीत, जगत आहोत काय, हाच त्याच्या शीर्षकातला प्रश्न होता. त्याच्या चार वर्षे आधी, १९९९ मध्ये, 'द मॅट्रिक्स' हा चित्रपट येऊन गेला होता, त्यामुळे कल्पना लोकांच्या ओळखीची होती. पण बॉस्ट्रॉम यांनी चित्रपटाची गोष्ट सांगितली नाही, त्यांनी हिशेब मांडला. मानवी मेंदू दर सेकंदाला सुमारे १ वर सोळा किंवा सतरा शून्ये इतक्या क्रिया करत असावा, असा अंदाज त्यांनी धरला. आजवरच्या सगळ्या माणसांच्या सगळ्या विचारांची नक्कल करायला १ वर तेहतीस ते छत्तीस शून्ये इतक्या क्रिया पुरतील. आणि एखाद्या मोठ्या ग्रहाएवढा संगणक बनवता आला, तर तो एका सेकंदात त्याहून लक्षावधी पटींनी अधिक काम उरकेल.

यातून त्यांनी तीन पर्याय पुढे ठेवले. एक, आपल्यासारख्या समाजांपैकी जवळजवळ सगळे त्या पातळीला पोहोचण्याआधीच नष्ट होतात. दोन, जे पोहोचतात त्यांना आपल्या पूर्वजांची अशी नक्कल चालवण्यात रस उरत नाही. तीन, हे दोन्ही खोटे असेल तर नकली माणसांची संख्या खऱ्या माणसांपेक्षा प्रचंड मोठी असणार, आणि मग आपण नकली असण्याचीच शक्यता अधिक. तिसरा पर्याय खरा आहे असे त्यांनी कुठेच म्हटलेले नाही. तिघांपैकी एक तरी खरा असला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे. २०१६ साली उद्योगपती इलॉन मस्क यांनी जाहीर मुलाखतीत आपण अस्सल जगात असण्याची शक्यता अब्जावधीत एक आहे असे सांगून टाकले, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते तेच. सावध माणसाचा निबंध मागे पडतो आणि धनवानाचे वाक्य पुढे जाते, हे काही नवीन नाही.

संशय मात्र फार जुना आहे. इमाम गझाली यांनी (१०५८ ते ११११) 'अल-मुन्किज मिनद्दलाल' या आपल्या आत्मकथनात तो ज्या प्रामाणिकपणे मांडला आहे, त्याला तोड नाही. ते म्हणतात ते थोडक्यात असे: डोळ्यांवर विश्वास ठेवावा, तर सावली स्थिर दिसते आणि तासाभराने ती सरकलेली असते. तारा दिनाराएवढा दिसतो आणि गणित सांगते की तो पृथ्वीहून मोठा आहे. म्हणजे बुद्धीने इंद्रियांना खोटे पाडले. मग बुद्धीलाही खोटे पाडणारा आणखी कोणी वरचा न्यायाधीश नसेल कशावरून? स्वप्नात असताना आपल्याला सगळे खरेच वाटते, जाग आल्यावर कळते. या जागेपणाच्या पलीकडे तशीच आणखी एक जाग असली तर? गझाली सांगतात की जवळजवळ दोन महिने ते या अवस्थेत होते आणि त्यातून त्यांची सुटका कोणत्याही युक्तिवादाने झाली नाही. अल्लाहने हृदयात टाकलेल्या प्रकाशाने झाली. याच वाटेने देकार्त १६४१ मध्ये गेला, स्वप्नापासून फसव्या सैतानापर्यंत. आजच्या निबंधात सैतानाच्या जागी संगणक आला आहे.

याहून जवळचे साम्य कलामशास्त्रात सापडते. अशअरी पंथाचे विचारवंत मानत की वस्तूचे गुणधर्म दोन क्षण टिकत नाहीत, ते क्षणोक्षणी नव्याने निर्माण केले जातात. चित्रपटाच्या रिळात एकेक चित्र पुढे सरकते आणि आपल्याला सलग हालचाल दिसते, तसेच काहीसे. गझालींनी 'तहाफुत अल-फलासिफा'मध्ये कापसाचे उदाहरण घेतले. कापूस विस्तवाजवळ नेला की जळतो, पण विस्तवानेच त्याला जाळले हे आपण पाहिलेले नसते. एकापाठोपाठ दुसरे घडले एवढेच पाहिलेले असते. जाळणारा अल्लाह आहे. यावर कुर्तुबाच्या इब्न रुश्द यांनी 'तहाफुत अल-तहाफुत' लिहून रोखठोक उत्तर दिले की कार्यकारण नाकारणे म्हणजे बुद्धीच नाकारणे होय. माझा कल इब्न रुश्द यांच्याकडे आहे हे लपवत नाही. परंतु संगणकाच्या पडद्यावर आग लागते आणि कापूस जळतो, तेव्हा तिथे गझालींचे म्हणणे अक्षरशः खरे असते. पडद्यावरची आग काहीच जाळत नाही. आग दाखवणारा जो प्रोग्रॅम, तोच जळणेही दाखवतो.

इथे आपल्याकडे एक मोह होतो. विज्ञानाने काही म्हटले रे म्हटले की ते आमच्या ग्रंथांत आधीच होते असे जाहीर करण्याचा. शेजाऱ्यांच्या घरी पुष्पक विमान असते, आमच्या घरी दुसरे काही असते. अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकातल्या अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला हे खरे, त्याचा अभिमानही वाटावा. पण तेवढ्याने संगणक आपला ठरत नाही. गझालींना संगणक सुचला नव्हता, संशय सुचला होता. तेच अधिक मोलाचे आहे असे मला वाटते.

आता मूळ युक्तिवाद तपासू. त्याचा पाया असा की जाणीव ही मेंदूच्या मांसातच असते असे नाही, योग्य आकडेमोड झाली तर ती सिलिकॉनमध्येही उपजेल. हे गृहीत आहे, सिद्ध झालेले नाही. पावसाची कितीही अचूक नक्कल केली तरी संगणक भिजत नाही; मग दुःखाची नक्कल केली म्हणजे कोणी दुःखी होईलच असे कसे म्हणावे? दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. ग्रहाएवढा संगणक किती वेगाने चालेल हे आपण आपल्या जगातल्या भौतिक नियमांवरून ठरवतो. पण हे जगच नकली असेल, तर नियमही नकली. खऱ्या जगात वेग काय, शक्ती काय, संगणक शक्य तरी आहे काय, यातले काहीच आपल्याला माहीत नाही. फांदीवर बसून फांदी तोडणाऱ्या शेखचिल्लीची आठवण व्हावी असा हा प्रकार. राहिला पुरावा. २०१२ मध्ये सिलास बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅवेज या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवले की अवकाश चौकटीच्या जाळ्यावर आखलेले असेल, तर अतिशय शक्तिशाली वैश्विक किरणांच्या दिशांत त्याची खूण दिसावी. तसे काही दिसले तर विलक्षणच. न दिसले तर मात्र काहीच ठरत नाही, कारण आपला संगणक अधिक चांगला आहे असे म्हणायला पुढचा माणूस मोकळा.

काहींना वाटते की या कल्पनेमुळे निदान निर्माता तरी सिद्ध झाला. तसे होत नाही. हा प्रोग्रॅमर स्वतः कुठल्या तरी जगात बसलेला आहे, त्याला वीज लागते, त्याची यंत्रे बिघडतात, आणि तोही वरच्या कोणाच्या तरी यंत्रात नसेल याची त्याला खात्री नाही. इब्न सीना यांच्या भाषेत तो मुमकिन आहे, वाजिब नव्हे. म्हणजे तो असू शकतो, नसूही शकतो. तौहीदचा ईश्वर आणि हा कारागीर यांचे नाते नाही. बॉस्ट्रॉम यांनी हेही नोंदवले आहे की वरचा कोणी बघतो आहे, तो बक्षीस देईल किंवा शिक्षा करेल, या शंकेने प्रत्येक पातळीवरचे लोक नीट वागू लागतील. हे वाचून बसऱ्याच्या हजरत राबिया आठवतात. एका हातात विस्तव आणि एका हातात पाणी घेऊन निघालेल्या, जन्नत पेटवायला आणि जहन्नम विझवायला, म्हणजे लोक भीती आणि लोभ सोडून भक्ती करतील. आठव्या शतकातली ही बाई कोणत्याही कॅमेऱ्यासाठी चांगली वागायला तयार नव्हती.

खरा प्रश्न इथेच आहे. माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो. ईदला आला तेव्हा म्हणाला, "मामू, हे सगळं प्रोग्रॅम असेल, तर कुणाचं वाईट केलं तरी काय बिघडलं? गेममध्ये आम्ही रोज शंभर जणांना मारतोच ना." आतून आपा म्हणाली, "मग शीरखुर्माही प्रोग्रॅममधलाच आहे. वाटी ठेव खाली." त्याने ठेवली नाही.

पोराची थट्टा झाली, पण त्याचा प्रश्न विद्वानांनीही गंभीरपणे विचारला आहे. रॉबिन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली असा सल्ला लिहिला की आपण सिम्युलेशनमध्ये असू शकतो असे वाटत असेल, तर इतरांची फिकीर कमी करा, आजच्यापुरते जगा, मनोरंजक व्हा आणि आसपासच्या प्रसिद्ध माणसांना खूश ठेवा, म्हणजे तुमचा खेळ बंद पडणार नाही. तर्क म्हणून तो बिनचूक असेल. दरबारातल्या भाटाचेही तत्त्वज्ञान हेच होते. बॉस्ट्रॉम यांच्या निबंधातही एक शक्यता येते: फक्त काही माणसे पूर्ण घडवलेली असतील आणि बाकीची नुसती सावल्यांसारखी, त्यांच्या आत कोणी नाही. त्यांना स्वतःला हे पटत नाही. अशा एकट्या माणसाच्या नकली सृष्टी बाकीच्या नकलांच्या दहा हजार कोटी पट असतील तरच तिचा विचार करावा लागेल, असे ते म्हणतात.

सावली-माणूस ही कल्पना संगणकाची मुळीच नाही. दंगलीत गर्दीला समोरचा माणूस दिसत नाही. टोपी दिसते, टिळा दिसतो. त्याच्या घरी कोणी वाट बघत असेल, त्याचे गुडघे दुखत असतील, हे दिसत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा येतो. समोरच्याच्या आत कोणी नाही असे मानायला माणसाला आजवर यंत्राची गरज पडलेली नाही, आणि आता त्याला त्यासाठी वैज्ञानिक वाटणारे कारण मिळत असेल तर ते आपल्यासारख्यांनी हसण्यावारी नेऊ नये.

वरच्या पातळीवरूनही हाच प्रश्न उलटा विचारता येतो. पूर्वजांची हुबेहूब नक्कल चालवायची तर ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाटही चालवावी लागेल. ढिगाऱ्याखालची माणसे, त्यांची घुसमट, सगळे पुन्हा, आणि कोणीतरी बसून ते बघणार. इतके ज्ञान मिळवलेला समाज हे करील काय? न करण्याचे कारण त्याला सुचत नसेल, तर त्याला प्रगत का म्हणायचे? आस्तिकाला हाच प्रश्न शतकानुशतके विचारला गेला आहे, आणि तकदीर व आखिरत ही उत्तरे देऊनही ढिगाऱ्याशी बसलेल्या आईसमोर आपण गप्पच होतो, हे मान्य केले पाहिजे. पण आस्तिक निदान हिशेबाच्या दिवसाची आशा धरतो. प्रोग्रॅमरने तसे काहीच कबूल केलेले नाही.

तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी २०२२ च्या 'रिअ‍ॅलिटी प्लस' या पुस्तकात म्हटले आहे की जग संगणकातले असले तरी ते खोटे ठरत नाही. टेबल टेबलच राहते, फक्त ते शेवटी कशाचे बनले आहे याचे उत्तर बदलते. मला हे पटते. दात दुखतो तेव्हा तो अणूंचा आहे की आकड्यांचा, याने दुखणे कमी होत नाही.

गझालींनी १०९५ मध्ये बगदादची निजामिया आणि तिथली प्रतिष्ठा सोडली, आणि पुढे 'इह्या उलूम अल-दीन' लिहिले. जागेपणाही स्वप्न असेल काय, असे एकेकाळी विचारणाऱ्या या माणसाने त्या ग्रंथात जेवायला कसे बसावे, पाहुण्याला आधी काय वाढावे, बाजारात मापात कसे वागावे, सोबत्याचे हक्क कोणते, प्रवासाला निघताना काय करावे, यांवर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली आहेत.