जट, पायाळू आणि नवदीक्षितांचे घर



सोनारी हे धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील गाव. काळभैरवनाथाचे ठाणे म्हणून ते दूरदूरच्या कुटुंबांना माहीत आहे. चैत्रात यात्रा भरते, आणि देवळाभोवती माकडे इतकी की हातातली पिशवी हातात राहील याची खात्री नाही. याच जिल्ह्यात तुळजापूर आहे, येरमाळ्याची येडाई आहे. या मुलखात माणसाच्या अंगावर काही वेगळे दिसले की आधी देवाचे नाव निघते, डॉक्टरचे मागाहून. तुम्ही दीक्षा घेतलीत, देव्हारा उतरवलात, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावलीत. पण सुनेच्या केसांत गाठ बसली, किंवा नातू पायाकडून जन्मला, की त्याच घरात आजी हळूच म्हणते, "काही राहिलंय का गं देवाचं?" तसबीर भिंतीवर असते आणि भीती उंबऱ्याच्या आत असते. आज या भीतीविषयी तुमच्याशी बोलायचे आहे.

पायाळूचेच घ्या. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळंतपणांत तीन-चार मुले डोक्याऐवजी पायाकडून किंवा कुल्ल्याकडून येतात. पोटातले पाणी कमी-जास्त असणे, जुळे असणे, वार खाली असणे, अशी कारणे असतात; पुष्कळदा कोणतेच ठळक कारण नसते, मूल फिरायचे राहून गेलेले असते. धोका असतो तो बाळंतपणाच्या वेळी, म्हणून अशी बाई दवाखान्यातच बाळंत झाली पाहिजे. पण आपल्याकडे धोक्याची चर्चा नाही, चर्चा कशाची? पायाळूला जमिनीतले धन दिसते, पाणी दिसते, त्याच्यावर वीज पडते, त्याची लाथ बसली की पाठीची उसण जाते! लाथेपर्यंत ठीक आहे, फार तर पाठ आणखी दुखेल. परंतु गुप्तधनाच्या लोभाने भोंदू लोक पायाळू मुलामुलीच्या शोधात असतात, आणि हा प्रकार लेकराच्या जिवावर बेतू शकतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेली अमानुष कृत्ये गुन्हा ठरवली आहेत ती उगीच नव्हेत. तुमचे मूल पायाळू असेल तर ते गावभर सांगत सुटू नका, आणि कोणी त्याला "जरा शेतात घेऊन जातो" म्हणाला तर सरळ पोलीस ठाण्यात जा.

ओठ फाटलेले मूल जन्मले की आईवर खापर फुटते. ग्रहणात तिने विळी हातात घेतली म्हणे! गर्भ अवघा दीड-दोन महिन्यांचा असतो तेव्हा ओठाचे दोन भाग एकमेकांना मिळायचे असतात. ते मिळाले नाहीत की ओठ उघडा राहतो. त्या वेळी कित्येक बायकांना आपल्याला दिवस गेले आहेत हेही नीट कळलेले नसते. ग्रहण असो नसो, विळी असो नसो. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यापासून करता येते, टाळूची त्यानंतर. ज्या आईने लेकराला चमच्याने दूध पाजून जगवले तिलाच दोष देणाऱ्यांनी एक दिवस तसे दूध पाजून पाहावे.

आणि कोड. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा झाल्या की पांढरा डाग पडतो. तो स्पर्शाने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, आणि तो महारोगही नव्हे. कोडाच्या डागावर स्पर्श कळतो. महारोगाच्या चट्ट्यावर पुष्कळदा कळत नाही, आणि तो रोगही आता औषधाने पूर्ण बरा होतो. तरी मुलीच्या हातावर डाग दिसला की सोयरीक मोडते. ज्यांनी पिढ्यानपिढ्या स्पर्शाचा विटाळ सोसला त्यांनीच कातडीच्या रंगावरून पाट मागे सरकवावा, हे मला फार लागते.

कोणी जाणकार विचारील की, बुद्धाच्या अंगावरही बत्तीस लक्षणे होती असे ग्रंथ सांगतात, मग अंगावरच्या खुणांना अर्थ नाही कसा? प्रश्न रास्त आहे. असित ऋषीची कथा बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात घेतली आहे. पण दीघनिकायातील एक प्रसंग पाहा. राजा अजातशत्रू रात्री आम्रवनात तथागतांच्या भेटीस गेला, तेव्हा भिक्षूंच्या समुदायात बुद्ध कोणते हे त्याला ओळखता आले नाही. त्याला जीवक वैद्याला विचारावे लागले. लक्षणांनी बुद्ध ओळखू येत असते तर राजाला विचारावे का लागले असते?

आता लकुंटक भद्दियाची गोष्ट. हा भिक्षू ठेंगणा होता आणि दिसायला कुरूप. भिक्षू त्याला तुच्छ लेखीत. तो येत असता तथागतांनी इतरांना सांगितले की, याला कमी लेखू नका, ज्यासाठी घर सोडायचे ते याने मिळवले आहे. पुढे गोड आवाजाच्या भिक्षूंत तथागतांनी त्याला अग्रस्थान दिले. आपल्या वस्तीत मात्र सहा बोटांच्या मुलाला "सहाबोट्या" आणि ठेंगण्याला "गिड्डा" हीच नावे जन्मभर चिकटतात, आणि हाक मारणारे विहारातून नुकतेच बाहेर पडलेले असतात.

हे झाले जन्माने किंवा आजाराने आलेल्या गोष्टींचे. जटेचे तसे नाही. जट आपण स्वतः वाढवतो.

ती कशी होते ते नीट समजून घ्या. बाई तापाने अंथरुणाला खिळली, बाळंतीण झाली, मन खचले, कामाच्या रगाड्यात पंधरा दिवस डोक्याला पाणी लागले नाही. केसांत घाम, तेल, धूळ, कोंडा साठतो, उवा-लिखा होतात. केसावर बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकले की लोकरीच्या घोंगडीसारखा केसांचा नमदा होतो. पहिल्या आठवड्यात ही गाठ कोमट तेल आणि रुंद दात्यांची फणी यांनी, तासभर धीर धरला तर सुटते. सोनारीची माकडेसुद्धा एकमेकांच्या केसांतून बोटे फिरवत तासन् तास बसतात! पण आपल्या घरात नेमक्या त्याच आठवड्यात कोणीतरी म्हणते, "देवी आली. फणी लावू नका." फणी थांबते. त्यावर हळद, भंडारा, कुठे वडाचा चीक. गाठीची दोरी होते, दोरीचा दोरखंड. मग तो मानेला ओढतो. मान दुखते, कूस बदलता येत नाही, आत उवा आणि जखमा, वास. बाई लोकांपासून दूर बसू लागते, आणि लोक म्हणतात ती देवीच्या ध्यानात आहे.

जट दिसली की मुलगी देवाला सोडायची, ही रीत कर्नाटकाच्या सीमेवरील यल्लम्माच्या मुलखात किती मुलींचे आयुष्य खाऊन गेली! त्यांत आपल्याच समाजाच्या लेकी जास्त होत्या. 1936 च्या जून महिन्यात मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, आराधी, वाघ्या यांची सभा झाली. बाबासाहेब स्वतः तिथे गेले आणि हे लाजिरवाणे जिणे सोडा असे त्यांनी निक्षून सांगितले. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 साली कायदा झाला, महाराष्ट्राने 2005 मध्ये नवा केला. कायदा मुलीला देवाला सोडू देत नाही. डोक्यावरची गाठ मात्र कायद्याने सुटत नाही, ती घरच्यांनीच सोडवावी लागते.

तुम्हाला वाटेल, इतक्या लोकांना भीती वाटते म्हणजे काहीतरी असेलच. मग पोलंड देशाकडे पाहा. तिथे यल्लम्मा नाही, येडाई नाही, भैरवनाथही नाही. तरी तिथल्या शेतकऱ्यांच्या डोक्यांवर अशाच जटा होत्या. डॉक्टरांच्या पुस्तकात जटेला जे लॅटिन नाव आहे, प्लिका पोलोनिका, त्यात पोलंडचेच नाव आहे. तिथेही लोक म्हणत, कापली तर आंधळा होशील, वेड लागेल, मरशील. एकोणिसाव्या शतकात क्राकोव्हचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी हा अस्वच्छतेचा परिणाम आहे, कापा, असे ठासून सांगितले. हळूहळू लोकांनी कापल्या. आज पोलंडात जटा नाहीत आणि त्या कापल्या म्हणून देश आंधळाही झाला नाही.

भीती तथागतांच्या काळातही होती. उरुवेलेला तीन काश्यप बंधू राहत, जटा राखणारे, अग्नीची पूजा करणारे. थोरल्याचे पाचशे शिष्य, मधल्याचे तीनशे, धाकट्याचे दोनशे. थोरल्याने तथागतांचा धम्म स्वीकारला, शिष्यांसह जटा उतरवल्या आणि त्या, कावड व होमाचे साहित्य, सगळे नदीत सोडून दिले. खालच्या अंगाला राहणाऱ्या भावाने वाहत आलेल्या जटा पाहिल्या. त्याच्या मनात पहिला विचार काय आला? माझ्या भावावर काही अरिष्ट तर आले नाही ना! तो धावत गेला. पाहतो तर भाऊ धडधाकट, मुंडन केलेला, शांत बसलेला. मग त्यानेही जटा उतरवल्या, आणि त्या वाहत धाकट्याकडे गेल्या. धावत जाऊन डोळ्यांनी पाहिले म्हणून भीती गेली. घरी बसून राहिला असता तर आयुष्यभर म्हणाला असता की जटा कापल्या आणि भाऊ गेला.

तुमच्या गावातही हेच होईल. जट कापल्यावर सहा महिन्यांत घरात काहीतरी घडणारच. म्हैस आटेल, कोणी नापास होईल, म्हातारा पडेल. लगेच बोटे उठतील. त्या वेळी एवढेच विचारा: गल्लीतल्या ज्या घरांत कधी जट नव्हती तिथल्या म्हशी आटल्या नाहीत काय? कारण शोधल्याशिवाय कार्याला नाव ठेवायचे नाही, हीच तथागतांची शिकवण म्हशीलाही लागू आहे.

मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. उत्साहाच्या भरात कोणाची जट जबरदस्तीने कापू नका. त्या बाईला त्या जटेमुळेच घरात थोडा मान मिळत असेल, नवऱ्याची मारहाण थांबली असेल, सासूचा तोंडपट्टा थांबला असेल. जट गेली की तो आडोसाही जाणार असतो. तिची भीती खुळी नसते. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात दोनशेहून अधिक बायकांच्या जटा सोडवल्या, त्या आधी बोलून, समजावून. तेव्हा तिच्याजवळ बसा, दोनदा जा, चारदा जा. ती स्वतः "हो" म्हणेपर्यंत कात्री पिशवीत राहू द्या. आणि तिचा नवरा, सासू यांच्याशी वेगळे बोला, म्हणजे नंतर घरात तिला कोणी छळणार नाही.

"हो" म्हणाली की वेळ घालवू नका. कात्री आधी उकळून घ्या. जट मुळापासून ओढू नका, टाळूपासून दोन बोटे वर कापा. आत जखमा, पू दिसला तर आरोग्य केंद्रात दाखवा. उवांचे औषध त्याच दिवशी, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा. घरातल्या सर्वांच्या डोक्याला एकाच दिवशी लावा, नाहीतर लेकरांच्या डोक्यातून उवा परत येतील. काही दिवस तिला मान हलकी, डुलल्यासारखी वाटेल. इतक्या वर्षांचे ओझे उतरल्यावर तसे होते, हे तिला आधीच सांगून ठेवा. कापलेली जट देवळात नेऊन वाहायला कोणी मागेल, देऊ नका. रोज रात्री सासूनेच तिच्या केसांतून फणी फिरवावी, आणि येत्या पौर्णिमेला वंदनेच्या वेळी तिला पुढच्या रांगेत बसवा.