ज्याच्या त्याच्या पदरी

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी भूकंपाने उत्तर बिहार उद्ध्वस्त केला. मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा इथे हजारो माणसे दगावली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. रवींद्रनाथही अस्पृश्यतेचे विरोधक, तरी त्यांना हे पटले नाही. भौतिक उत्पातांची कारणे भौतिकच असतात आणि असला युक्तिवाद सनातनी मंडळींच्याच तोंडी अधिक शोभेल, ते तो उलट गांधीजींवरच वापरतील, असा त्यांचा आक्षेप होता. गांधीजींनी तो ‘हरिजन’मध्ये छापला, पण आपले म्हणणे सोडले नाही.

हा वाद वाचताना विवेकवादी माणूस लगेच रवींद्रनाथांच्या बाजूने उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. पण दुःख ज्याच्या वाट्याला येते त्याचे कुठेतरी काहीतरी चुकलेले असते, हा त्या समजाचा गाभा देव न मानणाऱ्यांच्या मनातूनही गेलेला नाही. भुताखेतांची भीती जाते. पत्रिका न बघता लग्न ठरते, पितृपक्षात नवी गाडी दारात येते. जग न्यायी आहे, ही समजूत मात्र सुटता सुटत नाही. माझ्या मते संशयवाद्याची सगळ्यात चिवट अंधश्रद्धा हीच.

ऐन चाळिशीत कुणाला कर्करोग झाल्याचे कळले, की पहिला प्रश्न येतो, तंबाखू खायचा का? नाही म्हटले की दुसरा, मग पीत असेल? तेही नाही, तर जागरणे, बाहेरचे खाणे, टेन्शन. काहीतरी सापडेपर्यंत चौकशी थांबत नाही. विचारणारा पूर्वजन्म मानत नाही, संचिताचे नाव काढले तर हसेल. पण पूर्वजन्माच्या जागी त्याने आहार-विहार बसवला आहे आणि निकाल तोच ठेवला आहे. शिवाय त्याचा प्रश्न शास्त्रीयही वाटतो, कारण तंबाखूने कर्करोग होतो हे खरेच आहे. ही समजूत कार्यकारणभावाच्या वेषात येते, म्हणून ती चिकित्सक माणसालाच लवकर ओळखू येत नाही. हजारो माणसांत धोका किती वाढतो हे शास्त्र सांगते, खाटेवरच्या या एका माणसाचा न्याय ते करत नाही. पेशी विभागताना डीएनएची नक्कल उतरते, त्यात चुका राहतात आणि त्यांतली एखादी घातक ठरते. त्यासाठी कुणी काही केलेले असावेच लागत नाही.

मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर चुकले की एका तरुणीला विजेचे झटके बसत आहेत, असे दृश्य विद्यार्थिनींना दाखवण्यात आले. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. ज्यांना हा प्रकार थांबवता येत होता, त्यांतल्या बहुतेकींनी तो थांबवला. हे असेच चालू राहणार असे ज्यांना सांगितले होते, त्या तिलाच नावे ठेवू लागल्या. आणि दुसऱ्यांसाठी म्हणून ती हे सोसायला तयार झाली आहे असे जिथे भासवले, तिथे तर तिच्याबद्दलचे मत सर्वांत वाईट झाले. निरपराध माणसाचे हाल बघवत नाहीत, म्हणून आपण त्याला अपराधी ठरवून मोकळे होतो.

या समजुतीच्या मुळाशी दुष्टपणा नाही, भीती आहे. त्याने काही चूक केली नसेल, तर उद्या माझ्या मुलीच्या बाबतीतही असे होऊ शकते. हा विचार घेऊन रात्री झोप कशी लागणार? पण या झोपेची किंमत दुसरेच कुणीतरी मोजते. गतजन्मीच्या कर्माने माणूस खालच्या जातीत जन्मतो, असे सांगून या देशात शतकानुशतके माणसांना पायाखाली ठेवले गेले. तो सिद्धांत नाकारणारी सुशिक्षित माणसेसुद्धा, गरीब राहतात ते कष्ट करत नाहीत म्हणून, असे सहज बोलून जातात. आपण कोणत्या घरात जन्मलो, शाळेची फी कोणी भरली, हा आपल्या गुणांचा भाग नव्हता हे मान्य करणे तर रोगाच्या लहरीपणाहूनही जड जाते.

ज्यांना काही करता येत होते, त्यांना त्या तरुणीत दोष शोधावे लागले नाहीत, ही त्या प्रयोगातली गोष्ट मला फार मोलाची वाटते. दवाखान्यातही रात्रीच्या सोबतीला थांबणारा, रक्ताच्या पिशवीसाठी धावणारा, केमोच्या दिवशी सकाळीच गाडी घेऊन दारात हजर होणारा माणूस ‘कशामुळे झाले हो?’ असे विचारत नाही. आज घशाखाली काही उतरले का, पुढची तारीख कधीची मिळाली आणि घरी मुलांपाशी कोण आहे, एवढेच तो विचारतो.