शुभ वेळ पंचांगात नाही



१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या वाटेने आपण आलो आणि पंचांग खाली ठेवले. मुहूर्त गेला, राहुकाळ गेला. मग कोणते काम केव्हा करावे, हे आता कोणाला विचारायचे?

पुब्बण्ह सुत्तात भगवंत सांगतात की, जो सकाळी काया, वाचा, मनाने सदाचरण करतो, त्याची सकाळ मंगल होते. म्हणजे वेळेला शुभत्व येते ते कर्माने. आणि कर्म ज्या शरीराने करायचे, त्याची शक्ती दिवसभर सारखी नसते. शरीरातील या घड्याळाच्या संशोधनाला २०१७ साली नोबेल पारितोषिकही मिळाले.

तथागतांनी हे जाणले होते. कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर ते आनंदाला म्हणाले, पाठ दुखते आहे, पुढे तू बोल. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. डुलक्या घेणाऱ्या मोग्गल्लानाला त्यांनी पायरीपायरीने उपाय सांगितले: धम्माचे चिंतन कर, पाठ म्हण, कान ओढ, डोळ्यांना पाणी लाव, चाल, तरीही झोप हटली नाही, तर उठण्याची वेळ मनात धरून उजव्या कुशीवर नीज. आळसाशी झगडायचे असते. थकव्याला विसावा द्यायचा असतो.

आता आपल्या आलापल्लीकडे पाहा. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात घरची बाई उजाडण्यापूर्वी रानात जाते. परतल्यावर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते, ते फळीवर नेते, मग चूल पेटवते. रात्री वंदनेला बसते तेव्हा तिचे डोळे मिटतात, आणि आपण म्हणतो, हिचे धम्मात लक्ष नाही! हा न्याय आहे काय?

म्हणून सांगतो. मुलाच्या वहीचे एक पान घ्या. सात दिवस पहाट, दुपार, सांज, रात्र अशा चार वेळा घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे लिहा: ताजा, बरा की थकलेला. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे मूल लिहील. आठव्या दिवशी सर्वांनी मिळून ते पान वाचा. मुलाचे डोके पहाटे चालत असेल, तर गणित पहाटे. तेव्हा त्याला पाण्याला पाठवू नका. दुपारी हात जड होत असतील, तर कुऱ्हाड ठेवा, दोरी वळा. रात्री वंदना होत नसेल, तर सांजेला करा. आणि आईच्या नावापुढे 'ताजी' हा शब्द सात दिवसांत एकदाही आला नसेल, तर दोष तिचा नाही, घरच्या कामाच्या वाटणीचा आहे. एक घागर तुम्ही उचला.

मजुरीची वेळ आपल्या हाती नसते, हे खरे. पण जे दोन तास आपले आहेत, ते तरी जाणून वापरू या. सम्यक व्यायाम म्हणजे अंग मोडेपर्यंत राबणे नव्हे आणि लोळणेही नव्हे. स्वतःकडे जागेपणी पाहणे, हीच त्याची सुरुवात आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!