अनोळख्याची ठेव

नीतिशास्त्रांतील कांहीं प्रश्न ग्रंथांत वाचले म्हणजे फार भव्य वाटतात. तेच प्रश्न रस्त्याच्या कडेस पडलेले आढळले तर त्यांना ओलांडून आपण पुढें जातों. कोणी पाहत नसतां मनुष्य कसा वागतो, हा त्यांपैकीं एक. त्याचा ऊहापोह करण्यासाठीं आज आम्ही एका खेळाचा आधार घेणार आहों. खेळ म्हटल्याबरोबर गंभीर वाचकानें पान उलटूं नये, अशी आमची विनंति आहे. कारण मनुष्य कामांत जें लपवितो तें पुष्कळदां खेळांत उघड करितो.

या खेळास जिओकॅशिंग असें नांव आहे. सोयीसाठीं आपण त्यास ठेवींचा शोध म्हणूं. त्याचा जन्म एका सरकारी निर्णयांतून झाला. उपग्रहांच्या संदेशांवरून पृथ्वीवरील स्थान ओळखण्याची जी अमेरिकन पद्धति आहे, तींत सामान्य लोकांकरितां मुद्दाम चूक मिसळलेली असे. २ मे २००० रोजीं ती चूक काढून टाकण्यांत आली, आणि खिशांत मावणाऱ्या यंत्रास जागा जवळजवळ पावलांत मोजतां येऊं लागली. दुसऱ्याच दिवशीं डेव्ह उल्मर या गृहस्थानें ऑरेगन राज्यांतील बीव्हरक्रीक गांवाजवळच्या रानांत एक बादली ठेविली, तींत किरकोळ वस्तू व एक वही घातली, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सर्वांस जाहीर केले. अट एवढीच कीं, कांहीं घ्यावें, कांहीं ठेवावें. आज जगांत अशा पेट्या तीस लाखांच्या वर आहेत. मूळ कल्पना मात्र याहून जुनी आहे. इंग्लंडांतील डार्टमूरच्या माळावर १८५४ सालीं जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें क्रॅनमियर पूल या दुर्गम जागीं एक बाटली ठेविली होती; तेथवर पोहोंचणारे लोक तींत आपल्या नांवाचें कार्ड टाकून येत.

पेटींत दोन जातींच्या वस्तू असतात, आणि आमचा सर्व विचार या दोहोंच्या भेदावर उभा आहे. पहिली जात अदलाबदलीची: एकादें खेळणें, एकादें नाणें. तें घेणारा त्याचा मालक होतो, आणि बदल्यांत दुसरें कांहीं ठेवून ऋणमुक्त होतो. दुसरी जात प्रवासी वस्तूंची. शिपायाच्या गळ्यांतील ओळखपट्टीसारखी एक धातूची पट्टी, तीवर कोरलेला क्रमांक, आणि तिला जोडलेली एकादी बाहुली किंवा किल्ली. तिचा मालक कोठें तरी दूर असतो. त्यानें तिला एकादें गंतव्य ठरवून दिलेलें असतें. सांपडेल त्यानें ती न्यावी, पण ठेवूं नये. पुढच्या पेटीपर्यंत पोंचवावी आणि क्रमांक कळवावा, म्हणजे मालकास घरबसल्या तिचा मार्ग दिसतो. अशा वस्तूंच्या अदलाबदलीसाठींच कांहीं पेट्या महामार्गांच्या किंवा विमानतळांच्या जवळ ठेवितात, कारण दूर जाणारा प्रवासी तेथेंच भेटावयाचा. त्यांना खेळाडू 'हॉटेल' म्हणतात. आमच्या मतें धर्मशाळा हा शब्द अधिक शोभेल.

आमच्या धर्मशास्त्रकारांना ही दुसरी जात अपरिचित वाटली नसती. मनुस्मृतींत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप, म्हणजे ठेव, येते. याज्ञवल्क्यानें याहून सूक्ष्म भेद केले. आंत काय आहे हें न सांगतां बंद पात्रांत सोंपविलेली ठेव ती उपनिधि. आणि एकाच्या हातीं दिलेली व त्यानें 'धन्याला पोंचीव' म्हणून दुसऱ्याच्या हातीं सोंपविलेली वस्तु ती अन्वाहित. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत या शब्दाचा असाच अर्थ दिला आहे. आमची धातूची पट्टी ही अन्वाहिताचीच नवी आवृत्ति होय. फरक एवढाच कीं, शास्त्रांतील ठेव ओळखीच्या हातांतून ओळखीच्या हातांत जाते, आणि येथें देणाऱ्यानें घेणाऱ्याचें तोंड पाहिलेलें नसतें. साक्षीदार नाहीं, लेख नाहीं, दंडही नाहीं. तरी शेंकडों पट्ट्या समुद्र ओलांडून पुढें जातात.

प्लेटोनें 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत गायजीस नांवाच्या धनगराची कथा घातली आहे. त्याला अदृश्य करणारी अंगठी सांपडते, आणि तिच्या बळावर तो राजाचा घात करून राज्य बळकावितो. अशी अंगठी मिळाल्यावर न्यायी मनुष्य तरी न्यायी राहील काय, असा ग्लॉकनचा सवाल आहे. महामार्गाच्या कडेस, एकांतांत, परक्याची वस्तु हातीं घेऊन उभ्या राहिलेल्या प्रवाशाच्या बोटांत तीच अंगठी असते. आमच्याकडे या सवालाचें एक प्रसिद्ध उत्तर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील शनिशिंगणापुरास घरांना दारें न लावण्याची रूढि आहे. २०११ सालीं युको बँकेनें तेथें बिनकुलपाची शाखाही उघडली. चोरी करणारास शनि शिक्षा करितो, ही तेथील श्रद्धा. या श्रद्धेचा आम्ही उपहास करीत नाहीं. तिनें कित्येक हात आवरले असतील. परंतु तेथें कुलूप नाहींसें झालें, पहारेकरी नाहींसा झाला नाहीं. तो दिसेनासा झाला, इतकेंच. उलट टोंक पाहावयाचें असेल तर मंगळाकडे पाहावें. फेब्रुवारी २०२१ मध्यें तेथें उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स या यानावर असाच एक प्रवासी क्रमांक कोरलेला आहे. ती ठेव कोणी पळविणार नाहीं. पण म्हणूनच तिच्या सुरक्षिततेंत कोणाचा सद्गुणही नाहीं. जेथें चोरीस जागा नाहीं, तेथें विश्वासासही जागा नाहीं. विश्वास राहतो तो या दोन टोंकांच्या मधल्या साध्या रस्त्यावर.

आतां या रस्त्याला एक ठिकाण देऊं. महाराष्ट्राच्या अगदीं पूर्व कडेला, मध्यप्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमा जेथें भेटतात तेथें, गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा तालुका आहे. १९९९ पर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत होता. मुंबईहून हावड्यास जाणारा लोहमार्ग सालेकसा व दरेकसा या स्थानकांवरून जातो. मुंबई-कोलकाता महामार्ग थोडा दक्षिणेस देवरीवरून जातो. दरेकशाजवळ हाजरा धबधबा आहे, आणि धनेगांवाजवळ कचारगडच्या गुहा. तेथें माघ पौर्णिमेच्या सुमारास निरनिराळ्या राज्यांतून गोंड बांधव आपल्या मूळपुरुषांच्या दर्शनास लोटतात. नागपूरहून रायपुरास मोटारीनें जाणाऱ्या एकाद्या हौशी खेळाडूस वाटावें कीं, प्रवासी वस्तूंची धर्मशाळा बांधावयाची तर याहून चांगली जागा नाहीं: वाट मोठी, रान दाट, देखावा सुंदर. एकाद्या झाडाच्या ढोलींत डबी सरकवावी आणि पुढें जावें. ही डबी त्यानें ठेवावी काय?

खेळाडू म्हणेल, यांत विचारण्यासारखें काय आहे? पण डबी लपविली ती कोणापासून, हें आधीं पाहिलें पाहिजे. तिचें स्थान हजारों कोस दूरच्या जर्मन किंवा अमेरिकन गृहस्थास सांगितलेलें आहे. न सांगितलेलें आहे तें पहाटे मोहफुलें वेंचावयास जाणाऱ्या बाईला, उन्हाळ्यांत तेंदूचीं पानें तोडणाऱ्या कुटुंबाला, आणि गुरें घेऊन दिवसभर त्याच झाडाखालीं बसणाऱ्या पोराला. गंमत अशी कीं, या लोकांपासून तेथें कांहींच लपत नाहीं. ढोलींत काल नव्हतें तें आज आहे, हें त्यांच्या नजरेस प्रथम येणार. गुराखी पोरगा डबी उघडतो, आंतली बाहुली व चकचकीत पट्टी घरीं नेतो. परदेशांतील मालक हळहळतो. खेळाडू म्हणतात, डबी लुटली गेली. अशा अजाण लोकांसाठीं त्यांच्यांत एका कादंबरींतून उचललेलें थट्टेचें नांवही रूढ आहे.

आम्ही विचारतों, हा मुलगा चोर काय? ठेव ही दोघांच्या संमतीनें होते. ज्याला कोणी कांहीं सोंपविलें नाहीं, ज्याला नियम कळविला नाहीं, त्यानें विश्वासघात केला असें म्हणतां येत नाहीं. विश्वास टाकल्यावांचून तो मोडतां येत नाहीं. मुलाच्या हातून नियम मोडला नाहीं. नियमच त्याच्यापर्यंत पोंचला नाहीं. आणि तो न पोंचणें हा अपघात नाहीं, तो खेळाच्या रचनेचा भाग आहे. जगाच्या पलीकडील परक्यावर विश्वास, आणि झाडाखालच्या शेजाऱ्यावर अविश्वास, अशी ही उफराटी नीति आहे. दूरच्या मनुष्यावर विश्वास टाकणें सोपें असतें, कारण त्याचें दारिद्र्य आपल्याला दिसत नाहीं.

यापेक्षां गंभीर गोष्ट भयाची आहे. जुलै २०११ मध्यें इंग्लंडांतील वेदर्बी या गांवीं एक निरुपद्रवी शोधपेटी बाँब समजून लष्करी पथकानें उडवून दिली. गांवचा मुख्य रस्ता रिकामा करावा लागला. तेथें ती वर्तमानपत्रांतील करमणूक ठरली. सालेकसा-दरेकशाच्या जंगलानें मात्र अनेक वर्षें नक्षलवादी चळवळीची छाया पाहिली आहे. अशा मुलखांत रस्त्याकडेच्या ढोलींतली बंद डबी म्हणजे काय, हें पोलिसांसही निराळें वाटतें आणि ग्रामस्थांसही. ती ठेवणारा प्रवासी तोंपर्यंत रायपुरास पोंचलेला असतो. विचारपूस होते ती गांवांत. आपल्या करमणुकीचा जबाब दुसऱ्यानें द्यावा, अशी व्यवस्था करून ठेवणें हा निष्काळजीपणा नव्हे. तो अन्याय होय.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. गुप्तता काढून टाका म्हणजे खेळांतला रस गेला, आणि सर्वांस सांगा म्हणजे डबी दोन दिवस टिकणार नाहीं. आमच्या पाणपोईवरचा पेलासुद्धां साखळीनें बांधलेला असतो, हें आम्हांस ठाऊक आहे. पाणी फुकट, पण पेल्यावर भरंवसा नाहीं, इतका मनुष्यस्वभाव आम्ही ओळखून आहों. तथापि याच महाराष्ट्रांत गेल्या कांहीं वर्षांत गांवोगांवीं माणुसकीच्या भिंती उभ्या राहिल्या. नको असेल तें ठेवावें, हवें असेल तें न्यावें, हा त्यांचा नियम. आणि ऑरेगनच्या बादलीचा नियम याहून फारसा निराळा नव्हता. भिंत मात्र भर चौकांत असते, आणि तिच्यावर नियम मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. तेथें कोणी जास्त नेत नाहीं असें नाहीं. पण जो नेतो तो जाणून नेतो, आणि जो ठेवतो तोही जाणून ठेवतो. नीतीला एवढी जाण पुरते. हमी ती कधींच मागत नाहीं.

म्हणून आमचें उत्तर 'ठेवूं नये' असें नाहीं. या खेळाच्या नियमांतच जागेच्या मालकाची परवानगी सांगितली आहे, आणि त्याच्या स्पष्ट परवानगीवांचून पुरून ठेवण्यास मनाई आहे. आम्ही म्हणतों, मालक या शब्दाचा अर्थ थोडा रुंद करावा. जंगल सरकारचें असेल, पण २००६ च्या वनहक्क कायद्यानें त्या जंगलावर ग्रामसभेचाही हक्क मानला आहे. ग्रामसभेस विचारावें, पोलीस ठाण्यास कळवावें, कचारगडच्या श्रद्धास्थानांपासून दूर राहावें. डबी ढोलींत न ठेवतां रस्त्यावरच्या एकाद्या चहावाल्याच्या फळीवर, त्याच्या संमतीनें ठेवावी, आणि तीवर मराठींत व शक्य तर गोंडींत लिहावें कीं, ही वस्तु प्रवासाला निघाली आहे, तिला पुढें जाऊं द्या. मग तोच गुराखी पोरगा ती पट्टी उलटसुलट करून पाहील, ती कोठून आली हें विचारील, आणि पुढच्या ट्रकवाल्याच्या हातीं देईलही. कदाचित् देणार नाहीं. पण त्या क्षणीं निवड त्याची असेल, आणि ती न करण्याचें स्वातंत्र्य ज्यास आहे त्याच्याच प्रामाणिकपणास कांहीं किंमत आहे.

अशानें खेळांतील गूढ थोडें कमी होईल, हें खरें. पण ज्या वस्तूला सातासमुद्रांपलीकडे पोंचावयाचें आहे, तिचा पहिला मुक्काम ज्या गांवांत आहे त्या गांवाला तिची ओळख असावी, ही मागणी आम्हांस अवाजवी वाटत नाहीं.